ओलीची रेघ

आमच्या कोकणातल्या घराची पडवीकडची भिंत मातीची होती. पाऊस लागून पंधरवडा झाला की तिच्या पायथ्याशी ओल दिसू लागे आणि मग रोज थोडी थोडी वर चढे. पाणी उताराकडे जातं एवढंच तेव्हा मला ठाऊक होतं. ते भिंत कसं चढतं, याचं मला फार नवल वाटायचं. "भिंत पाणी पिते गो," आजी म्हणायची. श्रावणात कधीतरी ती चुलीतला विझलेला कोळसा घेऊन ओलीच्या वरच्या कडेला आडवी रेघ ओढायची. यंदा ओल कुठवर आली ते लक्षात राहावं म्हणून. दसऱ्यापर्यंत भिंत सुकून जायची. लोणा लागल्याची पांढुरकी झालर उरायची आणि तिच्यावर ती काळी रेघ.

पुढे कॉलेजात जीवरसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला झाकणाच्या काचपात्रात उभी केलेली पांढरी प्लेट पाहिली आणि मला तीच भिंत आठवली. काचेवर सिलिका जेलचा जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा थर, तळाशी अर्धा सेंटिमीटर द्रावक आणि थराच्या बारीक रंध्रांतून सावकाश चढणारी ओल. मराठीत या विद्येला वर्णलेखन म्हणतात. आम्ही लॅबमध्ये नुसतं 'टीएलसी' म्हणायचो. नंतर कितीतरी वर्षं हेच प्रॅक्टिकल मी शिकवलं आणि दर वर्षी ओल चढू लागली की मी तितकीच गप्प होऊन बघत राहिले.

तयारीतच या कामाचा स्वभाव कळतो. प्लेट कडेनं धरायची. तळापासून दीड-दोन सेंटिमीटरवर हलक्या हातानं रेघ ओढायची, तीही पेन्सिलीनंच. शाईची ओढली तर द्रावक पोचताच रेघ स्वतःच चालू लागते. टिपकागदावर काळ्या शाईचा थेंब पडला आणि कडेला निळी, जांभळी वर्तुळं उमटली, हे शाईपेनानं लिहिलेल्या पिढीनं पाहिलेलं आहे. त्या काळ्यात किती रंग नांदत होते, हे कागद ओला झाल्यावरच कळायचं. मग केसासारख्या बारीक काचनळीनं रेघेवर थेंब टेकवायचा, सुकू द्यायचा, पुन्हा तिथंच टेकवायचा. ठिपका जितका लहान तितका पुढचा निकाल स्वच्छ. थेंब असतो ॲमिनो आम्लांच्या मिश्रणाचा, आणि तो सुकला की दिसत काहीच नाही. ही आम्लं बिनरंगी आहेत. चार-पाच जणांना एका रेघेवर उभं केलेलं असतं आणि प्लेट मात्र कोरी.

काचपात्रात ब्युटॅनॉल, ॲसिटिक आम्ल आणि पाणी, चारास एक-एक या प्रमाणात. त्याचा आंबूस, उग्र वास ॲप्रनला दिवसभर चिकटून राहतो. पात्राच्या आत गाळणकागद लावून हवा आधी त्याच वाफेनं भरू द्यायची, मगच प्लेट आत ठेवायची आणि झाकण लावायचं. ओल रेघेपाशी येते, न दिसणाऱ्या ठिपक्यांना स्पर्श करते आणि त्यांना घेऊन निघते.

वर जाताना प्रत्येक रेणूला दोन ओढी असतात. सिलिका त्याला धरून ठेवू पाहते, द्रावक पुढे नेऊ पाहतो. लायसिनवर विद्युतभार जास्त, पाण्याची आवड मोठी. ते सिलिकेला बिलगतं आणि तळाशीच रेंगाळतं. ल्युसिनची शेपटी तेलकट स्वभावाची. सिलिकेशी तिचं फारसं जमत नाही, म्हणून ते ब्युटॅनॉलबरोबर बरंच वर जातं. ग्लायसिन सगळ्यांत लहान, ते मध्ये कुठेतरी थांबतं. वाटेत कुणी एकदाच थांबत नाही. क्षणभर धरलं जायचं, क्षणभर सुटायचं, असं हजारो वेळा होतं. त्या सगळ्या क्षणांची बेरीज म्हणजे त्या आम्लाची जागा. ओलीनं चाललेलं अंतर बारा सेंटिमीटर आणि ठिपक्याचं तीन असेल, तर उत्तर 0.25. यालाच आम्ही आरएफ म्हणतो. हवामान बदललं, थर थोडा जाड झाला, की हा आकडाही हलतो. म्हणून अनोळखी नमुना कधी एकटा चालवायचा नाही, त्याच्या शेजारी ओळखीची आम्लं चालवायची.

ही युक्ती सुचायला माणसाला बराच काळ लागला. मिखाईल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1903 साली वॉर्सामध्ये पानांतली रंगद्रव्यं अशा रीतीनं वेगळी केल्याचं मांडलं. त्याच्या आडनावाचा रशियन अर्थच 'रंग'. पण प्रथिनांतल्या बिनरंगी आम्लांना ती वाट मिळाली ती लोकरीमुळे. इंग्लंडमध्ये लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेत आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांना लोकरीच्या प्रथिनात कोणकोणती ॲमिनो आम्लं आहेत ते शोधायचं होतं. 1941 साली त्यांनी दोन द्रवांमधल्या वाटणीवर आधारलेली पद्धत मांडली. 1944 साली कॉन्स्डेन, गॉर्डन आणि मार्टिन यांनी तेच काम साध्या गाळणकागदावर करून दाखवलं. मार्टिन आणि सिंज यांना 1952 चं नोबेल मिळालं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. व्ही. गिरी यांनी याच सुमारास गोल कागदाच्या मधोमध नमुना ठेवून ओल चहूकडे पसरू दिली, तेव्हा ॲमिनो आम्लं कंकणांसारखी एकात एक उमटली. कागदाच्या जागी पातळ थर वापरायची कल्पना 1938 साली खारकोव्हला इझमाइलोव्ह आणि श्रायबर यांनी करून पाहिली होती. ती घरोघरच्या लॅबमध्ये पोचवली जर्मनीच्या एगॉन श्टाल यांनी, 1950 च्या दशकात. आमच्या बाटल्यांवर 'सिलिका जेल जी' लिहिलेलं असे. त्यातला 'जी' म्हणजे जिप्सम, थर काचेला धरून ठेवणारा.

मला या कामात सर्वांत जवळची वाटते ती त्याची सौम्यता. प्रथिनातली आम्लं मोकळी करायची तर आधी ते तोडावं लागतं. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात, 110 अंशांवर, बंद नळीत, चोवीस तास. एकदा आम्ही तूरडाळ आणि तांदूळ असे तोडले होते. ज्या वरण-भातावर आपण वाढलो, त्याचं गणित मुलांना सांगायचं होतं. तांदळात लायसिन कमी, ते डाळ पुरवते. डाळीत मेथिओनिन कमी, ते तांदूळ पुरवतो. पण त्या चोवीस तासांत ट्रिप्टोफॅन जळून जातं. ॲस्परजीन आणि ग्लुटामिन आपलं रूप हरवून बसतात. तोडून जे हाती येतं, त्यात काही कायमचं गेलेलं असतं. प्लेटवर तसं होत नाही. तिथं कुणाला कुणापासून ओढून काढत नाहीत. सगळ्यांना एकच ओल आणि एकच वाट दिली की ते आपापले वेगळे होतात. मोडल्यावाचून वेगळं करता येतं, हे मी या प्लेटकडून शिकले.

ओल वरच्या टोकाजवळ आली की प्लेट बाहेर काढायची आणि आधी पेन्सिलीनं तिच्या कडेवर रेघ ओढायची. तिथं मिनिटाचा उशीर चालत नाही. द्रावक उडून गेला की कुठवर आला होता ते सांगायला कुणी उरत नाही. मग प्लेट सुकवायची आणि धुरांड्याच्या कपाटात निनहायड्रिन फवारायचं.

"मॅडम, काहीच आलं नाही," दर वर्षी कुणीतरी रडवेल्या आवाजात म्हणायचं.

"ओव्हनमध्ये ठेव बाळा, आणि थांब."

105 अंशांवर चार-पाच मिनिटं. आधी एखादी पुसट सावली दिसते, मग जांभळं खाल्लेल्या जिभेसारखा रंग चढत जातो, एकाखाली एक. वर्ग एकदम प्लेटवर वाकतो. केंब्रिजच्या सीगफ्रीड रूहेमान यांना 1910 साली ही क्रिया सापडली, म्हणून या जांभळ्याला त्यांचंच नाव आहे. पण खरं आश्चर्य त्या रंगाच्या आत आहे. निनहायड्रिन ॲमिनो आम्लाचा फक्त नायट्रोजन घेतं आणि आपल्या दोन रेणूंच्या मध्ये बसवतं. बाकीचं आम्ल मोडून निघून जातं. म्हणजे ल्युसिन काय, ग्लायसिन काय, डोळ्यांना दिसतो तो रंग एकाच रेणूचा. प्रोलिनचा नायट्रोजन कड्यात अडकलेला, म्हणून ते तेवढं पिवळं उमटतं. इतरांची ओळख रंगात राहिलेलीच नसते. ती असते त्यांनी चाललेल्या अंतरात. आणि ल्युसिन-आयसोल्युसिनसारखी जुळी भावंडं शेजारी शेजारीच थांबतात. पण म्हणून ती एकच ठरत नाहीत. त्यांच्यासाठी आणखी वाट हवी, नाहीतर दुसरा द्रावक.

प्लेटच्या कोपऱ्यात कधी कधी आणखी एक जांभळी खूण उमटते. वळणावळणाची, अगदी रेखीव. कुणीतरी उघड्या बोटानं प्लेट धरलेली असते. आपल्या घामातही ॲमिनो आम्लं असतात. स्वीडनमध्ये ओडेन आणि फॉन होफ्स्टेन यांनी 1954 साली कागदावरचे ठसे शोधायला हेच निनहायड्रिन सुचवलं. प्लेट बिघडवली म्हणून मुलगी ओशाळते. मी तिला तो ठसा भिंगातून बघायला लावते. आपण ज्यांचा शोध घेत होतो, ती आपल्या बोटांवरही होती.

हा जांभळा रंग टिकत नाही. म्हणून ठिपक्यांभोवती लगेच पेन्सिलीनं गोल करायचे, प्लेट बटर पेपरवर उतरवून घ्यायची आणि तो जर्नलला चिकटवायचा. परवा माळा आवरताना माझं विद्यार्थिदशेतलं जर्नल सापडलं. त्यात एका पानावर जपून ठेवलेली पट्टी होती, पत्र्यावरच्या थराची. जांभळ्याचा मागमूस नव्हता. उरले होते पेन्सिलीचे रिकामे गोल, वर आडवी रेघ, खाली आडवी रेघ. मी फूटपट्टी घेतली आणि मोजायला बसले. तळाशी लायसिन, मध्ये ग्लायसिन, वर ल्युसिन. रंग जाऊन कितीक वर्षं झाली होती, तरी सगळी आपापल्या जागी होती.

घरी आता चिऱ्याची भिंत आहे, मातीची पडली. पण त्या पट्टीवरच्या रेघेवरून बोट फिरवताना आजीच्या कोळशाचा खरखरीतपणा जाणवला. ओल उतरून जाते. ती कुठवर आली होती, ते कुणीतरी वेळेवर लिहून ठेवावं लागतं.