आबा, खाली बसा!

सत्तरी गाठलेल्या माणसाने संध्याकाळी काय करावे, याविषयी पंचवटीत फारसा मतभेद नाही. रामकुंडापर्यंत एक फेरी मारावी, काळारामाच्या दाराशी चार समवयस्कांत बसून गुडघेदुखीची चर्चा करावी आणि शेजारतीच्या सुमारास घरी परतावे. मीही वर्षानुवर्षे हेच करीत आलो. २०२४ च्या दिवाळीनंतर मात्र या नित्यक्रमात जो खंड पडला तो चारचौघांत सांगण्यासारखा नव्हता. रात्री नऊ वाजता मी वाड्याच्या ओट्यावर बसे, कानात दोन बोंडे खुपसून घेई आणि एका परग्रहावर बंदूक घेऊन माणसे मारी. ‘मारी’ ही खरे म्हणजे बढाई झाली. बहुतेक वेळा मीच मरे.

ओट्यावर बसण्याचे कारण एवढेच की वाड्याच्या भिंती दोन हात रुंद आहेत. पेशवाईतल्या भिंती त्या. मोबाइलच्या लहरी आत येऊ देत नाहीत.

पण आधी माझा अपराध सांगितला पाहिजे. २०२० साली माझा नातू दहावीत होता. शाळा बंद, दारे बंद, रामकुंडावर चिटपाखरू नाही. पोरगे सारा दिवस माळ्यावर पब्जी नावाचा खेळ खेळत बसे आणि मध्येच ओरडे, “अरे मागे बघ, मागे!” मला तो आवाज सहन होत नसे. त्या वर्षी २ सप्टेंबरला सरकारने या खेळावर बंदी घातली. दुसऱ्या दिवशी मी काय केले असेल? पेढे आणले. घरात सर्वांच्या हातावर एकेक ठेवला, त्याच्याही. त्याने तो देवापुढच्या ताटलीत ठेवला आणि वर निघून गेला. त्याच्या वर्गातले चार मित्र रोज त्या खेळात भेटत आणि त्या दिवसांत त्याला दुसरे बोलायलाच कोणी नव्हते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. विचारले असते तर तेव्हाच कळले असते. त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला असे नाही. “हो आबा”, “नाही आबा”, “जेवलो आबा”. गोदेला पूर आला की आम्ही पंचवटीकर दुतोंड्या मारुतीकडे पाहून पाणी मोजतो: कमरेला लागले, छातीला लागले. २०१९ च्या ऑगस्टात तर मारुतीराय बुडालेच. पण नातवाच्या मनात पाणी कुठवर चढले आहे हे सांगणारा मारुती आमच्या घरात नव्हता.

पुढे तो पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. २०२४ च्या दिवाळीत घरी आला आणि पाडव्याच्या दुपारी, का कोण जाणे, माझा मोबाइल मागून घेऊन त्याने त्यात एक खेळ घालून दिला. “पुण्यात तयार झालाय आबा. या वेळी पेढे नका आणू.” मी मान खाली घातली.

खेळाचे नाव ‘इंडस’. पुण्याच्या सुपरगेमिंग या कंपनीने तो त्याच वर्षी १६ ऑक्टोबरला लोकांपुढे आणला होता. विर्लोक नावाचा एक ग्रह. त्यावर आकाशातून उडी टाकायची, पडल्या जागी शस्त्रे हुडकायची, आणि भोवतालचे रिंगण आवळत येईल तसतसे आत सरकत शेवटपर्यंत जिवंत राहायचे. योद्ध्यांचे पोशाख, इमारतींची कमाने-शिल्पे आपल्याकडची, पण दूरच्या भविष्यकाळात नेऊन ठेवलेली. आणखी एक गंमत म्हणजे कॉस्मियम नावाचा पदार्थ. खेळाच्या अखेरीस तो प्रकट होतो, आणि जो तो हस्तगत करील तो सर्वांना न मारताही जिंकतो. हे कलम मला फार सुसंस्कृत वाटले.

तसे या कुळाचे मूळ शोधत गेले तर १९६२ सालापर्यंत पोहोचते. अमेरिकेतल्या एमआयटीत काही तरुणांनी ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ रचला: मध्ये एक तारा, त्याच्या ओढीत सापडलेली दोन याने आणि दोन खेळणारे गडी. त्यासाठी लागणारे यंत्र मात्र कपाटांएवढे. १९८९ साली जपानच्या निन्टेंडोने हातात मावणारा गेम बॉय काढला. दोन यंत्रे तारेने जोडली की दोघांना खेळता येई. आता तारही गेली. पुण्याचा नातू आणि पंचवटीचा आजोबा एकाच ग्रहावर उतरतात. आणि लढाईचे म्हणाल तर पंचवटीच्या माणसाला तिचे काय अप्रूप? सीतेला गुहेत ठेवून रामाने खर-दूषणाच्या चौदा हजार राक्षसांशी एकट्याने झुंज दिली ती याच भूमीवर, असे आम्ही मानतो. माझ्या खिडकीतून त्या पाच वडांपैकी एक दिसतो.

परंतु राम दोन्ही हातांनी लढला. इथे सारी लढाई दोन अंगठ्यांची. डाव्याने चालायचे, उजव्याने वळायचे, त्यानेच नेम धरायचा, त्यानेच झाडायचे. मला चालता चालता वळता येईना. पहिले आठ दिवस मी आकाशाकडे तोंड करून फिरत होतो. आणि कानात मात्र चार वर्षांत ऐकला नव्हता तो आवाज: “आबा, खाली बसा! आबा, भिंतीआड या. घाई नको. मी आहे इथं.” मी त्याला सायकल शिकवताना, याच बोळात, मागे धावत, अगदी हेच म्हणत असे. शब्द त्याने कुठून उचलले ते त्याला ठाऊक नसावे. मीही सांगितले नाही.

जानेवारीतली गोष्ट. थंडी कडाक्याची होती; मी कानटोपी घालून ओट्यावर. एका पडक्या इमारतीत आम्ही दोघे दबा धरून बसलो होतो. बराच वेळ कोणी आले नाही. मग कानात आवाज आला, “आबा, माझं वर्ष गेलं.”

मला आधी वाटले, खेळातलेच काही गेले.

“निकाल लागून महिना झाला. बाबांना सांगितलं नाही. कुणालाच नाही सांगितलं.”

माझे अंगठे थांबले. तेवढ्यात कोणी तरी आत शिरले आणि मी कोसळलो. नातू म्हणाला, “आबा, तुम्ही मेलात.”

“मरू दे रे. तू बोल.”

“थांबा, मीही मरतो,” तो म्हणाला आणि सरळ मैदानात उघड्यावर चालत गेला. एखादे मिनिट गोळ्या सुटल्या. मग शांत झाले, आणि आम्ही साडेअकरापर्यंत बोललो. तो रडला, हेही खरे. समोरासमोर असतो तर त्याने हे सांगितले नसते, आणि मी तोंड उघडले असते ते बहुधा उपदेशासाठीच. मी त्याला पेढ्यांबद्दल क्षमा मागितली. “जाऊ द्या आबा,” तो म्हणाला. पण जरा थांबून म्हणाला.

मुलाला सांगण्याचे काम माझ्याकडे आले. तो सातपूरच्या कारखान्यातून रात्री उशिरा येतो, दमलेला असतो. ऐकून त्याने ताट बाजूला सारले. “तुम्हाला कधी सांगितलं?” “काल. लढाईत.” हे उत्तर त्याला थट्टेचे वाटले आणि तो माझ्यावरही रागावला. आठ दिवस त्याने पुण्याला फोन केला नाही. मी मात्र रोज नऊला ओट्यावर जात होतो. त्या आठ दिवसांत एकही रात्र चुकवायची नाही असे मनाशी ठरवले होते.

नवव्या रात्री मी असाच एका भिंतीआड बसलो होतो. मागे दार वाजले. मुलगा जेवून बाहेर आला असावा. माझ्या खांद्यामागे नुसता उभा राहिला. कानातली बोंडे मी त्या दिवशी लावली नव्हती, त्यामुळे नातवाचा आवाज ओट्यावर उघडाच ऐकू येत होता.

“अण्णा,” मुलगा बऱ्याच वेळाने म्हणाला, “तुमच्या डाव्या हाताला कोणीतरी आहे.”

पलीकडे पुण्यात एकदम शांत झाले. मी वळेपर्यंत उशीर झाला होता.