काचेला डोळे लागतात

अम्मीचा बटणांचा जुना फोन मी मागच्या रमजानमध्ये काढून घेतला आणि टचस्क्रीनचा दिला. हेतू चांगला होता. आपा सोलापूरला असते, दोघींना एकमेकींचे चेहरे दिसावेत. चेहरे दिसूही लागले, कधी अर्धाच, कधी नुसतं कपाळ.

एका दुपारी मी शाळेत असताना अम्मीची साखर उतरली. फोन हातात होता. थरथरतं बोट माझ्या नावावर जरा जास्त वेळ टेकलं, तर फोन लागायच्या ऐवजी भलतीच यादी उघडली. घामाने बोट ओलं, पुढचे स्पर्श काचेने नीट धरलेच नाहीत. शेजारच्या काकू सहज डोकावल्या, त्यांनी साखरपाणी पाजलं. मी घरी पोचले तर अम्मी माझीच माफी मागत होती. "इसमें हाथ को कुछ लगताच नइं, बेटा."

तेव्हापासून मी त्या वाक्याचा विचार करतेय. टच म्हणायचं आणि हाताला लागत काहीच नाही! या काचेला दाब कळत नाही. बोटामुळे तिच्यावरच्या विद्युतभारात होणारा बारीक बदल कळतो. कोरड्या, घट्टे पडलेल्या बोटाला ती दाद देत नाही, पाण्याच्या थेंबाला मात्र फसते. आणि मुख्य म्हणजे काचेवर चाचपणं आणि दाबणं एकच. अंधारात आपण आधी बटण शोधतो, मग दाबतो. इथे शोधायला गेलं की दाबलंच.

अम्मीच्या जुन्या फोनवर 5 च्या बटणावर बारीक उंचवटा होता. तिथून खाली-वर मोजत ती न बघता नंबर लावायची. तिच्या तस्बीहचंही तसंच. दर 33 मण्यांनंतर वेगळा मणी येतो, बोट थांबतं, सुब्हानल्लाह संपून अल्हम्दुलिल्लाह सुरू होतं. काकूंच्या जपमाळेत 108 मणी आणि मेरुमणी. तो ओलांडायचा नाही, माळ उलटी फिरवायची. दोघींचेही डोळे मिटलेले असतात. मी अम्मीला मोबाइलमधली तस्बीह दाखवली होती. तिने दोन दिवसांत सोडली. आकडा बघायला डोळे उघडावे लागतात, मग ध्यान कसलं?

आमच्या दिघीतून भोसरीच्या एमआयडीसीत जाणाऱ्या कुणाही ऑपरेटरला विचारा. सीएनसी मशीनला स्क्रीन कितीही मोठी असो, तातडीने बंद करायचं बटण लाल, फुगीर, तळहाताने दाबता येईल असंच असतं.

काच सुधारता येत नाही असं नाही. अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये 'दाबून धरण्याचा' वेळ वाढवता येतो. टॉकबॅक चालू केलं तर पहिल्या स्पर्शाला फोन फक्त नाव बोलतो आणि दोनदा टकटक केल्यावरच काम करतो. म्हणजे चाचपायची सोय परत मिळते. आयफोनमध्ये तशी सोय 2009 पासून आहे. पण हे सगळं इतकं आत दडवलेलं की बीएड झालेल्या मला शोधायला अख्खा रविवार लागला. आणि माझा विद्यार्थी म्हणाला, "मॅडम, एवढंच होय?"

टचचा फोन आता भिंतीजवळ टेकवलेला असतो, आपासाठी. जुन्याला नवी बॅटरी घातली. 2 चं बटण दाबून धरलं की मला लागतो. काल तिसऱ्या तासाला वाजला, मी धावत वर्गाबाहेर आले.

"कुछ नइं," अम्मी म्हणाली, "देख रही थी, लगता क्या."