दोन अर्थांचे कुशल

'कुशल' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक निपुण, दुसरा सुखरूप. "क्षेमकुशल कळवावे" असे आपण पत्रात लिहितो, तेव्हा कोणाच्या कारागिरीची चौकशी करीत नसतो. परदेशांचे स्थलांतरविषयक नियम मराठीत आणताना हा शब्द वारंवार माझ्या लेखणीखाली येतो, आणि दर वेळी वाटते, या राष्ट्रांना त्याचा पहिलाच अर्थ तेवढा ठाऊक असावा.

निपुण माणसांची ही मागणी जुनी आहे. अमेरिकेने १९४६ साली भारतीयांना वर्षाला अवघ्या १०० जागा दिल्या होत्या. १९६५ च्या कायद्याने वंश व जन्मभूमी यांवर बेतलेली ती पद्धत मोडली आणि आपले डॉक्टर, अभियंते तिकडे जाऊ लागले. कॅनडाने १९६७ साली शिक्षण, वय, भाषा यांना गुण देऊन माणसे निवडण्यास आरंभ केला. गुणपत्रिकेत घरातील म्हाताऱ्यांसाठी मात्र रकाना नव्हता.

आमच्या रांझीला हा प्रश्न परका नाही. १९४२ साली शेजारच्या खमरियात आयुध निर्माणी उभी राहिली, १९६९ साली वाहन निर्माणी आली. आणि प्रांतोप्रांतीचे कसबी कामगार येथे जमले. माझे आजोबा त्यांतलेच, नागपूरचे. परंतु त्यांना नोकरीबरोबर क्वार्टर मिळाले, मुलांना शाळा मिळाली, दवाखाना मिळाला. पणजीही मागाहून येथे आली. म्हणूनच परगावचे ते बिऱ्हाड येथले घर झाले.

आज याच वस्तीतील मुले परदेशी जातात. अमेरिकेच्या एच-१बी परवान्यावर गेलेल्यांच्या जोडीदारांपैकी काहींनाच २०१५ पासून कामाची मुभा आहे. कायम वास्तव्याच्या नोकरीआधारित जागांपैकी कोणत्याही एका देशाला साधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक मिळत नाहीत. त्यामुळे भारतीयांची प्रतीक्षा वर्षानुवर्षे लांबते. तेवढ्यात मूल २१ वर्षांचे झाले, तर आईबापांच्या परवान्यावर त्याला राहता येत नाही.

जर्मनीने थोडा निराळा विचार केला आहे. तेथील ब्ल्यू कार्डधारकाच्या जोडीदाराला काम करता येते. २७ महिन्यांत, आणि भाषा चांगली अवगत असल्यास २१ महिन्यांत, कायम वास्तव्याचा मार्ग खुला होतो. १ मार्च २०२४ पासून प्रथमच परवाना मिळालेल्या कुशल कामगाराला आईवडिलांनाही नेता येते. मात्र त्यांचा निर्वाह आणि आरोग्यविमा यांची तजवीज आधी दाखवावी लागते, आणि म्हातारपणीचा विमा स्वस्त नसतो.

तेव्हा घरातील मुलगा वा मुलगी परदेशी निघाली, तर पगाराच्या आकड्याबरोबर तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात : जोडीदाराला काम करता येईल काय? कायमचे राहणे किती वर्षांनी शक्य होईल? आणि आपल्याला, उतारवयात, तिकडे जागा आहे काय? उत्तरे प्रतिकूल असली तरी जाऊ नये असे नाही; परंतु निरोप देणाऱ्यांना ती आधी माहीत असावीत.