दिवसांची मोजणी

मराठी घरांतून हट्टी मुलाला पूर्वी एक धमकी हटकून मिळे : रिमांड होममध्ये नेऊन टाकण्याची. मुंबईत नुसते ‘डोंगरी’ म्हटले तरी पुरे होई. त्या जागेचा मराठी वाङ्मयाशी मात्र एक जुना ऋणानुबंध आहे. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात शिक्षा होऊन १८८२ साली टिळक व आगरकर डोंगरीच्या तुरुंगात होते. चार महिन्यांच्या शिक्षेत थोडी सूट मिळून ते सुटले. आगरकरांनी त्या बंदिवासाची हकीकत लिहिली आणि पुस्तकाच्या नावातच दिवसांचा आकडा घातला : एकशे एक. पुढे त्याच तुरुंगाच्या जागेत मुलांचे गृह आले.

या आकड्यापाशी क्षणभर थांबावयास हवे. सव्विशीतील त्या विद्वान तरुणाजवळ मित्र होता, ध्येय होते आणि शिक्षेची मुदत ठाऊक होती. रोज एक दिवस वजा करता येत होता. निरीक्षणगृहात आणलेल्या पंधरा वर्षांच्या मुलापाशी वजाबाकीला आकडाच नसतो. त्याला शिक्षा झालेली नसते, चौकशी चालू असते. ती चार महिन्यांत पुरी व्हावी, फार तर दोन महिने वाढवावी, असे २०१५ चा बालन्याय अधिनियम सांगतो. किरकोळ आरोपाची चौकशी तेवढ्यातही न आटोपल्यास ती संपुष्टात येते. गंभीर आरोपाच्या बाबतीत ही सोय नाही.

अनिश्चितता प्रथम शरीरात बोलू लागते. झोप उडते, अन्नावरची वासना जाते, पोट दुखते आणि तपासणीत काही सापडत नाही. व्यसन सुटत असलेल्या मुलाची तगमग उद्धटपणा म्हणून गणली जाते. जो गप्प बसतो, तो शहाणा ठरतो. वस्तुतः अधिक काळजी त्याचीच करावयास हवी.

कायद्याने भाषेची काळजी पुष्कळ घेतली आहे. २००७ च्या आदर्श नियमांनी आरोपी, अटक, तुरुंग, किंबहुना ‘रिमांड’ हा शब्दही वर्ज्य ठरविला. बालगुन्हेगाराचा ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ झाला. हेतू निःसंशय उदात्त. परंतु ज्याच्यासाठी हा शब्द घडविला, त्याला तो धड उच्चारताही येत नाही. दाराला बाहेरून कडी आहे, एवढे मात्र त्याला कळते.

सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर घोर अपराधाचा आरोप असल्यास त्याची मानसिक क्षमता व परिणामांची जाण मंडळाने पारखावी, असेही २०१५ चा अधिनियम म्हणतो. मंडळात बालमानसशास्त्राचा जाणकार सदस्य नसेल, तर तज्ज्ञाचे साहाय्य अनिवार्य मानावे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला. परंतु अनेक रात्री न झोपलेल्या मुलाची जाण पारखताना नेमके काय पारखले जाते, हा प्रश्न उरतोच.

उपाय सारेच खर्चाचे नाहीत. पुढची तारीख मुलाला त्याच्या भाषेत सांगावी. ती टळली, तर का टळली तेही सांगावे. येतो म्हणणाऱ्या समुपदेशकाने ठरल्या वारी यावे. आईच्या भेटीचा दिवस निश्चित असावा. मन सावरण्यास आरंभ व्हावा, एवढा आधार त्यात असतो. कारण मग त्या मुलालाही मोजण्यासाठी काही मिळते.