दूध पिताना घाम येतो का?

नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात अंगणवाड्यांतली मुलं तपासत फिरणं हे माझं काम. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात मी डॉक्टर आहे. बाळ वजनात कमी भरलं की त्याचं नाव कुपोषणाच्या यादीत जातं. जायलाच हवं. पण अशा प्रत्येक आईला मी विचारते, दूध पिताना बाळाच्या कपाळाला घाम येतो का?

एका वस्तीवर पाच महिन्यांची मुलगी पुढ्यात आली. वजन जेमतेम चार किलो. "दोन घोट घेती अन् दमती, मॅडम. सोडती, परत रडती," आई म्हणाली. घाम? "लई. थंडीतसुद्धा." न्यूमोनिया दोनदा होऊन गेलेला. ओठ, नखं मात्र गुलाबी. "निळी पडत नाही, मग काळजाचं कसं असंल?" आजीनं विचारलं.

हा समज मला सगळीकडे भेटतो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं भोक असलं, तर डावीकडचं शुद्ध रक्त उजवीकडे शिरतं आणि फुप्फुसांत त्याचा लोंढा जातो. बाळ निळं पडत नाही. त्याला धाप लागते, चोखायची ताकद राहत नाही, आणि जे दूध पोटात जातं ते श्वासाच्या कष्टातच खर्ची पडतं. जन्मल्यावर लगेच फुप्फुसांतला दाब जास्त असतो, म्हणून तेव्हा तपासणीत काही ऐकू येईलच असं नाही. दाब उतरायला काही आठवडे लागतात, मग आवाज उमटतो. तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला तर तो स्पष्ट होता.

"ग्रहणात हिनं भाजी चिरली होती," आजी म्हणाली. सुनेची मान खाली गेली. मी सर्वांसमोर सांगितलं की ग्रहणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. गर्भाचं हृदय पहिल्या दोन महिन्यांतच घडतं. शंभरात एखाद्या बाळात ते घडताना दोष राहतो, आणि बहुतेकदा नेमकं कारण सापडत नाही. बोल लावलेली आई बाळाचं दुखणं लपवू लागते. मला त्याचीच धास्ती वाटते.

जिल्ह्याच्या ठिकाणी टूडी इको झाला. भोक मोठंच निघालं. "थोडी अंगानं भरू दे, मग ऑपरेशन बघू," वडील म्हणाले. लहान भोकं पुष्कळदा आपोआप बुजतात, हे खरं. पण मोठं भोक बंद झाल्याशिवाय अंग भरणार कसं? वर्षानुवर्षं थांबलं तर फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या कायमच्या जाड, कडक होतात आणि भोक बुजवायची वेळच निघून जाते. हे मी त्यांना कागदावर चित्र काढून समजावलं. शस्त्रक्रिया मुंबईत झाली, कार्यक्रमातूनच, मोफत.

आमची गाडी एका अंगणवाडीत वर्षातून दोनदाच पोचते. म्हणून सेविकांना माझा नंबर भिंतीवर लिहून ठेवायला लावला आहे. बाळ पिताना घामाघूम होत असेल, वजन महिनाभर हललं नसेल, तर पुढच्या फेरीची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा.