वाडी रत्नागिरी, जोतिबाची चैत्र यात्रा

९ एप्रिल २०२५
रात्री उशिरा पोचलो. सोप्यात गुलालाची पोती. आईनं बीपीच्या गोळ्या पुढं केल्या. "तुझ्याच कंपनीच्या का रं? मग एवढ्या महाग कशा?" जेवायला बसलो.

१० एप्रिल
साहेबांचा फोन. औषध सुरक्षा विभाग सोड, मेडिकल अफेअर्सला ये. पगार जवळपास दीडपट. काम म्हणजे मोठे डॉक्टर, परिषदा, स्लाइड्स. सोमवारी सांग म्हणाले.

पीएसएम, म्हणजे सामाजिक वैद्यक, करून कंपनीत गेलो तेव्हा सर म्हणाले होते, "गावं सोडून गोळ्या विकणार?" विकत नाही सर, त्यांचे त्रास मोजतो. तेव्हा सुचलं नव्हतं.

११ एप्रिल
घाटात गाड्या तुंबलेल्या. ऊन मी म्हणतंय. वैद्यकीय पथकाच्या मांडवात जाऊन बसलो. ओआरएसची एक पुडी एक लिटर पाण्याला, हे दिवसभर सांगतोय. लोक पेल्यात ओततात. शेजारच्या टपरीवर गोड पाण्याचे खोके, त्यावरही ओआरएस छापलेलं. तडाखेबंद खप. आमच्या पुडीसाठी कुठला एमआर दारोदार हिंडतोय!

१२ एप्रिल, पौर्णिमा
पाडळीची सासनकाठी पुढं. चांगभलं! माणसं, शिखरं, सगळं गुलाबी. खोबऱ्याचा तुकडा कपाळाला लागला.

दुपारी कराडकडचा एक जण आणला. गुडघ्यासाठी गोळी घेतलेली. अर्ध्या तासात ओठ सुजले, अंगभर गांधी, छातीत घरघर. मेडिकल ऑफिसर मुलगी. वय असेल पंचवीस-सव्वीस. तिनं मांडीत ॲड्रेनॅलिन दिलंसुद्धा, मी डोस आठवत होतो तोवर. श्वास मोकळा झाला. ॲम्ब्युलन्सनं कोल्हापूरला, सीपीआर रुग्णालयात.

त्याच्या मेव्हण्याला म्हटलं, गोळीचं पाकीट दाखवा. खिशातून कात्रीनं कापलेला तुकडा निघाला, गुलालानं माखलेला. नाव अर्धं. बॅच नंबर नाही. तो उरलेल्या पट्टीवर, दुकानात.

गर्दीतून दुकान गाठलं. पट्टी मिळाली.

आमचीच.

रात्री
म्हणजे घड्याळ सुरू. कंपनीचा माणूस रजेवर असो की देवळात, त्याला कळलं तो दिवस शून्य. गंभीर केस १५ दिवसांच्या आत सरकारकडं. गच्चीवर रेंज मिळाली, मेल गेला. रुग्ण, कळवणारा, औषध, त्रास. चार गोष्टी असल्या की केस उभी राहते. यात कळवणारा मीच.

१३ एप्रिल
मेव्हण्याचा फोन. "बरं हाय. उद्या सोडत्यात म्हणं."

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचं प्रकरण डोक्यात. १९८६. ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल, १४ माणसं गेली. लेंटिन आयोग बसला. औषध सुरक्षेचा आजचा राष्ट्रीय कार्यक्रम यायला मात्र २०१० उजाडलं. नव्या पोरांना शिकवताना हे सांगतो. ती लिहून घेतात, पुढं काही विचारत नाहीत.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, सुट्टीला आलाय की ड्युटीला?"

१४ एप्रिल
मांडवातल्या त्या डॉक्टर मुलीनंही आपला फॉर्म भरून पाठवलाय. विचारलं नव्हतं, सांगितलं नव्हतं. एकाच माणसाच्या दोन केसेस होणार, गाझियाबादला, त्या कार्यक्रमाच्या केंद्रात, कुणीतरी डुप्लिकेट काढत बसणार. बसू दे.

साहेबांना नको म्हणून कळवलं. कारण विचारलं. पगाराचं काही बोललो नाही, कापलेल्या पट्टीचं सांगितलं. प्रत्येक गोळीमागं बॅच छापता येईल का?

ते पॅकेजिंगचं खातं, म्हणाले.