खोटा अशोक

कोपरखैरण्यातील आमच्या घरापुढे जेमतेम तीन हात अंगण आहे. सौभाग्यवतींना तेथे आंबा हवा होता. मी मात्र जागेचा हिशेब करून उभट अशोक लावला. संस्कृत कवींनी ज्याच्या केशरी-तांबड्या फुलांचे कौतुक केले, तो सीतेचा अशोक निराळा. हा आसुपालव, मूळचा दक्षिण भारताचा व सिंहलद्वीपाचा. फांद्या अंगाशी मिटून उभा राहणारा. ना पसारा, ना सावली! "भाडेकरूसारखं झाड आणलंत," असे त्या म्हणत; मीही त्याला मनातून खोटाच समजत असे.

यंदा श्रावणात एका रात्री पानांत फडफड झाली. पाहतो तो वटवाघळे त्याची काळीजांभळी फळे खात होती! म्हणजे वसंतात याला फुलेही आली असली पाहिजेत; पण ती पडली हिरवट, पानांत लपणारी. माझ्या दृष्टीस ती कधी पडलीच नव्हती.

सकाळी अंगणभर बिया पाहून शेजारी म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, तोडून टाका हे झाड."

मी उत्तर शोधीत होतो, तोच केरसुणी घेऊन सौभाग्यवती बाहेर आल्या. "राहू द्या हो," त्या म्हणाल्या, "तीन हात जागेत एवढ्यांना जेवू घालतंय ते!"

त्या दिवसापासून 'खोटा' हे विशेषण मी झाडाकडून काढून घेतले आहे. ते कोणास द्यावे, हे मला ठाऊक आहे.